दोन श्रोत्यांचे गाणे

हिंदी चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शकांची एक पंगत ठरून गेलेली आहे. मेहबूब, बिमल रॉय, राज कपूर आणि गुरुदत्त यांची पाने पहिल्या ओळीत मांडलेली असतात. एके काळी केवळ गल्लाभरू म्हणून हिणवल्या गेलेल्या मनमोहन देसाई यांच्यासारख्यांनाही पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी मानाने बोलावून त्यांच्या शेजारी बसवले आहे. राज खोसला यांचे पान मात्र नेमके कोणत्या ओळीत वाढावे याचा निर्णय अद्याप झालेला नाही. ‘सी.आय.डी.’, ‘वह कौन थी?’, ‘मेरा साया’, ‘दो रास्ते’, ‘मेरा गाँव मेरा देश’ आणि ‘दोस्ताना’ ही नावे ठाऊक नसलेला हिंदी चित्रपटाचा प्रेक्षक सापडणे कठीण असले, तरी हे सहाही चित्रपट एकाच माणसाने दिग्दर्शित केले आहेत ही गोष्ट त्यांतील पुष्कळांना सांगावी लागते. जे जाणकार ती सांगतात, तेही बहुधा ‘कुशल कारागीर’ एवढी पदवी देऊन थांबतात. कारागीर या शब्दात कौतुक आहेच, पण घर बांधून झाल्यावर ज्याला चहा देऊन वाटेला लावतात त्या गवंड्याचे ते कौतुक आहे.

या उपेक्षेचे कारण शोधणे अवघड नाही. लेखकदिग्दर्शक ही कल्पना, म्हणजे दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा कर्ता असून त्याची सही त्याच्या सर्व कृतींवर उमटलेली असते हे मत, फ्रेंच समीक्षकांकडून जगभर पसरले आणि तेव्हापासून दिग्दर्शकाचे मोठेपण त्याच्या विषयांच्या सातत्यावरून मोजण्याची रीत पडली. खोसला यांनी शहरी गुन्हेपट केले, भुताचा भास निर्माण करणारे रहस्यपट केले, एकत्र कुटुंबाची रडकथा केली, डाकूपट केला आणि कोठ्यावरच्या स्त्रीची शोकांतिकाही केली. विषयाच्या चाळणीतून पाहिले तर हे सर्व धान्य खाली गळून जाते. ज्याची सही विषयात नाही त्याची सहीच नाही, असे मानून समीक्षा पुढे गेली. ती सही गाण्यात होती, आणि गाण्याकडे गंभीर समीक्षेने बराच काळ ‘व्यत्यय’ म्हणूनच पाहिले.

राज खोसला यांचा जन्म 1925 साली पंजाबात झाला. त्यांनी शास्त्रीय गायनाचे शिक्षण घेतले होते, काही काळ आकाशवाणीत संगीताचे काम केले होते आणि मुंबईत ते आले ते पार्श्वगायक होण्याच्या इराद्याने. गळ्याने त्यांना जे दिले नाही ते देव आनंद यांच्या ओळखीने दिले. त्या ओळखीतून ते गुरुदत्त यांचे सहायक झाले आणि 1955 मध्ये ‘मिलाप’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र चित्रपट आला. सचिनदेव बर्मन यांच्या हाताखाली घडलेले गोव्याचे दत्ता नाईक हे एन. दत्ता या नावाने स्वतंत्र संगीतकार म्हणून प्रथम पडद्यावर आले तेही याच चित्रपटातून. ‘मिलाप’ चालला नाही. पुढच्याच वर्षी गुरुदत्त यांनी स्वतः निर्माता राहून ‘सी.आय.डी.’चे दिग्दर्शन या सहायकाच्या हाती सोपवले आणि खोसला यांचे नाव झाले.

चित्रपटाच्या धंद्यात ‘सिच्युएशन’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. कथेच्या ज्या वळणावर गाणे बसवायचे, ते वळण म्हणजे गाण्याची सिच्युएशन. दिग्दर्शक ती संगीतकाराला आणि गीतकाराला ऐकवतो आणि तिच्यावरून मुखडा, म्हणजे गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, बेतली जाते. बहुतेक दिग्दर्शकांच्या सिच्युएशन एका वाक्यात सांगून होत: नायक आनंदात आहे, नायिका रुसली आहे, पाऊस पडतो आहे. खोसला यांची सिच्युएशन सांगायला निदान दोन वाक्ये लागत, कारण त्यांच्या गाण्याला सहसा दोन श्रोते असतात, एका श्रोत्यासाठी त्याचा एक अर्थ असतो आणि दुसऱ्यासाठी दुसरा. कित्येकदा तर त्यांतला एक अर्थ दुसऱ्यापासून लपवण्यासाठीच गाणे म्हटले जात असते.

‘सी.आय.डी.’मधील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वहिदा रहमान यांचा हा पहिला हिंदी चित्रपट, आणि त्यांच्या वाट्याला आलेली कामिनी ही खलनायकाच्या कह्यातली स्त्री आहे. पोलीस अधिकारी असलेला नायक शत्रूच्या घरात अडकला आहे आणि त्याला निसटायला काही मिनिटे हवी आहेत. ही मिनिटे कामिनी गाऊन मिळवते. खलनायकासमोर ती लाडात येते, वाट अडवते, नजर बांधून ठेवते, आणि ओ. पी. नय्यर यांच्या ठेक्याच्या प्रत्येक आवर्तनागणिक प्रेक्षक मनातल्या मनात पावले मोजत राहतो. खलनायकाच्या दृष्टीने हे शृंगारगीत आहे, नायकाच्या दृष्टीने ती सुटकेची खूण आहे, आणि गीतकार मजरूह यांनी मुखड्यातच डोळे एकीकडे आणि नेम दुसरीकडे असल्याची कबुली देऊन टाकल्यामुळे प्रेक्षक या कटात सामील होतो. व्ही. के. मूर्ती यांच्या कॅमेऱ्याने या सगळ्याला सावल्या पुरवल्या आहेत. गाणे कापले तर कथा तिथेच तुटते. व्यत्यय म्हणवल्या गेलेल्या गोष्टीवर कथेचा सगळा भार टाकण्याचे हे धाडस एकतीस वर्षांच्या, दुसराच चित्रपट करणाऱ्या माणसाचे होते.

1958 मध्ये खोसला यांचे दोन चित्रपट आले आणि दोन्हीत ही युक्ती निराळ्या रूपात दिसते. ‘सोलवाँ साल’ ही एका रात्रीत घडणारी गोष्ट आहे. घरातून पळून निघालेली मुलगी प्रियकराबरोबर रेल्वेच्या डब्यात बसली आहे आणि समोरच्या बाकावरचा बातमीदार मित्राला उद्देशून जे गात आहे ते खरे तर तिला उद्देशून आहे. हेमंत कुमार यांचा आवाज आणि तरुण राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेले माउथ ऑर्गन एवढ्यावर हे गाणे लोकांच्या लक्षात राहिले. पण पडद्यावर पाहताना लक्षात राहतो तो डब्याचा भूगोल: कोण कोणाकडे तोंड करून बसले आहे, कोण कोणाकडे पाहण्याचे टाळत आहे, आणि गाण्याचा एकेक शब्द बाकांवरून कसा फिरत जात आहे. ‘काला पानी’त नायक हैदराबादच्या एका कोठ्यावर, म्हणजे गाणे-नाचणे करणाऱ्या कलावंतिणीच्या माडीवर, प्रेमवेड्या रसिकाचे सोंग घेऊन जातो, कारण निरपराध असून जन्मठेप भोगणाऱ्या त्याच्या बापाच्या सुटकेचा पुरावा तिच्यापाशी आहे. तो गातो ते तिला फसवण्यासाठी आणि ती ऐकते ते फसण्यासाठी. नलिनी जयवंत यांच्या चेहऱ्यावर ही फसवणूक कळूनही हवीशी वाटण्याची जी छटा येते, तिच्यासाठी त्यांना त्या वर्षीचे सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. देव आनंद यांनाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पहिले फिल्मफेअर याच चित्रपटाने दिले.

गुरुदत्त यांच्या गीतचित्रणाशी, म्हणजे गाणे पडद्यावर दृश्यांत मांडण्याच्या पद्धतीशी, खोसला यांची तुलना नेहमी होते आणि ती शिष्याला बहुधा मारक ठरते. गुरूची गाणी पात्राच्या अंतरंगात उतरतात. त्यांत माणूस स्वतःशी खरे बोलतो. शिष्याच्या गाण्यात माणूस चारचौघांत बोलत असतो, आणि चारचौघांत कोणीही पूर्ण खरे बोलत नाही. ही उणीव नसून वेगळी दृष्टी आहे. व्यावसायिक चित्रपटाच्या प्रकृतीला तर ती अधिक जवळची म्हटली पाहिजे, कारण तमाशाच्या बोर्डावर असो की नौटंकीच्या, आपल्याकडचे गाणे मुळातच समोर बसलेल्यांकडे एक डोळा ठेवून म्हटले गेले आहे.

अभिनेत्री साधना यांच्यासमवेत केलेल्या तीन रहस्यपटांपैकी ‘अनिता’ (1967) सोडून दिला तरी चालेल. आधी जमलेला डाव पुन्हा मांडण्याचा तो प्रयत्न होता. ‘वह कौन थी?’ (1964) मात्र सोडता येत नाही. पावसाळी रात्री एक डॉक्टर मोटार चालवत आहे, रस्त्यात पांढऱ्या साडीतली एक स्त्री उभी दिसते, तो तिला गाडीत घेतो, आणि काचेवरचे पाणी पुसणारे वायपर बंद पडतात. समोरचे काही दिसेनासे होते तेव्हा ती वाट सांगू लागते, कारण तिला दिसत असते. ती उतरते ती कबरस्तानापाशी, आणि फाटक आपोआप उघडते. एवढ्या प्रसंगात विशेष म्हणावे असे एकही यंत्रतंत्र नाही. बंद पडलेला वायपर ही मोटार बाळगणाऱ्या कोणाच्याही अनुभवातली गोष्ट आहे, आणि भयाचा उगम अशा घरगुती बिघाडात शोधणे हेच दिग्दर्शकाचे कसब आहे. के. एच. कापडिया यांच्या कृष्णधवल छायालेखनाला या चित्रपटासाठी फिल्मफेअर मिळाले.

याच चित्रपटात लता मंगेशकर, मदन मोहन आणि राजा मेहदी अली खाँ यांचे ते गीत आहे, ज्यात एक स्त्री या जन्मात पुन्हा भेट होईल न होईल म्हणून मिठीची विनवणी करते. आज ते लग्नसमारंभांतून, संगीत स्पर्धांतून आणि मोबाइलच्या रिंगटोनमधून इतके ऐकू येते, की त्याची मूळ जागा विसरली गेली आहे. चित्रपटात ते ऐकणाऱ्या नायकाला आपल्यासमोर आपली पत्नी आहे की मेलेल्या बाईचे भूत, हे ठरवता आलेले नाही. शब्द प्रेमाचे आहेत आणि ऐकणारा भीतीने थिजला आहे. प्रेक्षकालाही ती कोण हे ठाऊक नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ त्याला एकदा विनवणी म्हणून आणि एकदा धमकी म्हणून ऐकावी लागते. कॅसेटवर ऐकणाऱ्याच्या वाट्याला या गाण्याचा अर्धाच भाग येतो. ही चाल खोसला यांनी आधी नापसंत केली होती आणि नंतर नायक मनोज कुमार यांच्या आग्रहाने पुन्हा ऐकून पसंत केली, असे सांगितले जाते. ते खरे असेल तर त्याचा अर्थ असाही लावता येतो, की नुसती चाल ऐकताना त्यांना ती सरळ प्रेमगीत वाटली असावी, आणि सरळ प्रेमगीताशी त्यांना काही कर्तव्य नव्हते.

मराठी वाचकाला खोसला यांच्या कारकिर्दीत आणखी एका कारणासाठी रस वाटावा. त्यांच्या यशस्वी चित्रपटांपैकी तिहींची मुळे मराठीत आहेत. ‘मेरा साया’ (1966) हा राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’चा हिंदी अवतार होय. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिका असलेल्या त्या मूळ चित्रपटाला 1964 चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पत्नीने डोळ्यांदेखत प्राण सोडलेल्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक आरोपी उभी राहते आणि ‘मीच तुमची बायको’ म्हणते, ही कल्पना मुळातच इतकी भक्कम आहे की तिला फार हात लावण्याची गरज नव्हती. खोसला यांनी ती उचलून उदयपूरच्या संस्थानी वातावरणात नेली. परांजपे यांच्या चित्रपटातला मध्यमवर्गीय काटेकोरपणा त्यात हरवला हे खरे आहे, आणि कोर्टातली जुगलबंदी मूळ चित्रपटात अधिक नेटकी होती असे मानणाऱ्यांशी वाद घालण्याचे कारण नाही. मात्र हिंदीत एक नवी गोष्ट आली. शीर्षकगीतात सावलीसारखी सोबत करण्याचे वचन देणारा पत्नीचा आवाज आणि बरेलीच्या बाजारात झुमका हरवल्याची तक्रार करत नाचणारीचा आवाज, हे दोन आवाज एकाच चेहऱ्याला दिले गेले. एक आवाज लतांचा, दुसरा आशांचा. ती खरी कोण हा खटल्यातला प्रश्न प्रेक्षकाच्या कानात आधीच उभा राहिलेला असतो. दोन बहिणींच्या गळ्यांचा असा पुराव्यासारखा उपयोग गाण्याची तालीम घेतलेल्या दिग्दर्शकालाच सुचू शकतो.

‘दो रास्ते’ (1969) आणि ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ (1978) हे दोन्ही चित्रपट चंद्रकांत काकोडकर यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेले आहेत, पहिला ‘नीलांबरी’वर आणि दुसरा ‘अशी तुझी प्रीत’वर. काकोडकर हे वाचनालयांच्या काळातले अफाट खपाचे कादंबरीकार. पाने सुटेपर्यंत त्यांची पुस्तके हातोहात फिरायची, आणि समीक्षेच्या ग्रंथांत मात्र त्यांना जेमतेम एखादी ओळ मिळायची. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ या कथेवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयात ते दोषी ठरले आणि अखेर 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. त्याच वर्षी ‘दो रास्ते’ झळकला आणि राजेश खन्ना यांच्या लाटेत तुफान चालला. लोकप्रिय असल्याबद्दल ज्याला आयुष्यभर दंड भरावा लागला अशा लेखकाची गोष्ट तशाच जातकुळीच्या दिग्दर्शकाने उचलावी, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

जी. आर. कामत यांच्या पटकथेवर उभा असलेला ‘दो रास्ते’ आज पाहताना त्याच्या अश्रूंचा पूर थोडा अवघड होतो. सावत्र आईच्या मुलांसाठी झिजणारा थोरला भाऊ, परदेशी शिकून आलेला कृतघ्न मधला, आणि त्याची घर फोडणारी श्रीमंत बायको, या मांडणीत माणसे आधीच काळ्यापांढऱ्या रंगांत वाटून दिलेली आहेत. तरीही चूल वेगळी होण्याचे दुःख बलराज साहनी यांच्या खांद्यांच्या वाकण्यातून जसे दिसते, तसे ते हिंदी चित्रपटात क्वचित दिसले आहे, आणि बिंदू यांच्या धाकट्या जावेला मिळालेल्या शिव्याशाप हे तर दिग्दर्शकाच्या यशाचेच प्रमाणपत्र होते. ‘मैं तुलसी...’ची जात वेगळी आहे. ठाकुराने जिच्यावर प्रेम केले ती तुळशी कोठ्यावरची, आणि जिच्याशी लग्न केले ती संजुक्ता घरंदाज. पहिली मरून वाट मोकळी करते आणि दुसरी उरलेले आयुष्य त्या उपकाराखाली दबून, तिच्या मुलाला आपल्या मुलापेक्षा जास्त जपत काढते. तुळस अंगणात असते, तिला रोज पाणी घालतात, दिवा लावतात, पण तिला कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही, हे मराठी घरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. शीर्षकातली प्रतिमा इतकी नेमकी आहे, की पुढचे घोडे, शर्यती आणि तरुण पिढीचे प्रेमप्रकरण तिच्या मानाने भरताड वाटते. आशा पारेख आणि नूतन यांचे एकत्र प्रसंग फारसे नाहीत, तरी पहिलीच्या मृत्यूनंतरही दुसरी तिच्याशीच बोलत राहिल्यासारखी वावरते. या भूमिकेने नूतन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे फिल्मफेअर दिले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिकही याच चित्रपटाकडे आले.

‘मेरा गाँव मेरा देश’ (1971) याची आठवण आता मुख्यतः ‘शोले’च्या संदर्भात काढली जाते. एक हात गमावलेला माजी सैनिक, त्याने गावात आणलेला भुरटा चोर, जब्बार सिंग नावाचा डाकू, आणि चोराच्या भूमिकेत धर्मेंद्र: चार वर्षांनी आलेल्या ‘शोले’शी हे साम्य इतके ढळढळीत आहे की त्यावर वेगळे भाष्य नको. त्या सैनिकाची भूमिका करणारे जयंत हे ‘शोले’तला डाकू रंगवणाऱ्या अमजद खान यांचे वडील होते, हा त्यातला चटका लावणारा तपशील. पण नुसता कच्चा आराखडा म्हणून या चित्रपटाकडे पाहणे अन्यायाचे आहे. यात डाकूंच्या अड्ड्यावर नायकाला खांबाला बांधले आहे आणि लक्ष्मी छाया यांची मुन्नीबाई त्याच्याभोवती नाचत टोळीलाच विचारते की याला मारावे की सोडावे. नवऱ्याच्या वा प्रियकराच्या जिवासाठी नाचणारी नायिका हिंदी चित्रपटाने पुढे अमर केली. पण इथे नाचणारी स्त्री न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली आहे, टोळी तिचे पंच मंडळ आहे, आणि ती प्रत्यक्षात कोणाच्या बाजूची आहे याची शंका ठेक्याबरोबर वाढत जाते. विनोद खन्ना यांचा डाकूही आरडाओरडा करणारा नाही. तो ऐकत बसतो, आणि त्याचे ऐकत बसणे धोकादायक वाटते.

पुढच्या काळाबद्दल थोडक्यात सांगणे बरे. यश जोहर यांच्या धर्मा प्रॉडक्शन्सचा पहिला चित्रपट ‘दोस्ताना’ (1980) सलीम-जावेद यांच्या पटकथेवर जोरात चालला, आणि मित्राने मित्रावर ठेवलेला बेइमानीचा आरोप तिथेही गाण्यातूनच होतो. त्यानंतरची दशकभराची कारकीर्द थकलेल्या हाताची आहे. ‘दासी’, ‘सनी’ आणि ‘नक़ाब’ यांत जुन्या दिग्दर्शकाची बोटे मधूनच ओळखू येतात आणि लगेच हरवतात. मारामारीच्या त्या दशकात गाणे पुन्हा खरोखरच व्यत्यय झाले होते, त्यामुळे त्यांच्या हातातले हत्यारच बोथट झाले असे म्हणता येईल. पण एका प्रामाणिक वाचकाने यावर आक्षेप घ्यावा की इतरांनी त्याच दशकात मार्ग काढले, आणि तो आक्षेप मान्य करावा लागेल. 9 जून 1991 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. महेश भट्ट यांनी उमेदवारी त्यांच्याच हाताखाली केली होती.

त्यांचा सर्वांत धाडसी चित्रपट कोणता या प्रश्नाचे उत्तर मात्र मागे, 1960 मध्ये, ‘बम्बई का बाबू’त आहे, आणि तो तिकीटबारीवर पडला. ओ. हेन्री यांच्या एका कथेवरून सुचलेल्या या गोष्टीत मुंबईत एकाचा खून करून पळालेला तरुण डोंगराळ मुलखातील एका घरात हरवलेला मुलगा म्हणून शिरतो, आणि त्या घरातल्या मुलीच्या, म्हणजे जगाच्या दृष्टीने सख्ख्या बहिणीच्या, प्रेमात पडतो. ज्याचा खून झाला तोच त्या घराचा खरा मुलगा होता हे त्याला नंतर कळते. देव आनंद आणि सुचित्रा सेन यांनी हे केले तेव्हा प्रेक्षकांना ते झेपले नाही. भावाच्या सोंगातल्या माणसाला प्रेमगीत म्हणण्याची सोयच राहिलेली नाही, कारण दुसरा श्रोता इथे सारे घर आहे, आई आहे, गाव आहे. म्हणून अखेरीस तिची डोली निघते तेव्हा मजरूह यांचे शब्द आणि मुकेश यांचा आवाज पडद्यावरच्या कोणाच्याही ओठांवर येत नाही. पाठवणीचे गाणे वाऱ्यावरून आल्यासारखे वाजत राहते, गावकऱ्यांना त्यात सासरी निघालेली लेक दिसते, आणि भाऊ म्हणून उभा असलेला तो तोंड मिटून ते ऐकतो.